अक्काचे चिंचोके

फोन आला तेव्हा मी ओसरीवर घेवडा निवडत बसले होते. थोरल्या मुलाचा आवाज ऐकूनच कळलं. "आई, थोरली आई गेली... पहाटे, झोपेतच," एवढंच म्हणाला. थोरली आई म्हणजे माझी मोठी जाऊ, हौसाबाई. मुलं तिला थोरली आई म्हणायची आणि मी अक्का म्हणायचे. कन्हेरीच्या त्या घरात आम्ही दोघींनी एका चुलीवर अख्खं आयुष्य काढलं. पुढे मी धाकट्याकडे बारामतीत राहायला आले, पण ती काही कन्हेरी सोडायला तयार झाली नाही. नव्वदीला टेकलेली बाई, झोपेत गेली, सोनं झालं, असं जो तो मला समजावत होता. मला सोनंबिनं काही वाटलं नाही. मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

दहाव्याला नदीकाठी भाषणं झाली. आमच्याकडे ती होतातच, कावळा शिवेपर्यंत लोकांना धरून ठेवायला काहीतरी लागतं. अक्काला जन्मात दोनदाही पाहिलं नसेल अशा एका पुढाऱ्याने माइक हातात घेतला, घसा खाकरला आणि म्हणाला, "कन्हेरीच्या आकाशातला एक तारा आज निखळला." मी काठी टेकून उठले. "न्हाय निखळला," मी म्हटलं. "बाई गेली. तारा काय निखळला न्हाय. तेवढं मागं घ्या." पुढारी गोंधळला. नातसून माझा पदर ओढायला लागली. लोकांना वाटलं, म्हातारी दुःखानं बिथरली. कुणीतरी तांब्याभर पाणी आणून दिलं. ते मी प्यायले, पण बसले नाही. मात्र तिथे उन्हात सगळं सांगत राहणंही शक्य नव्हतं. म्हणून आता या पुरवणीत जागा मागून घेतली आहे आणि सविस्तर सांगते आहे, की त्या बाईबद्दल आणखी काहीही बोला, हे एक वाक्य बोलायचं नाही.

मी लग्न होऊन कन्हेरीत आले ते पन्नास-एक्कावन्न साल असेल. घर खाऊनपिऊन सुखी होतं. पाटाच्या पाण्यावर ऊस, कडेनं वांगी आणि गवारी. अक्का माझ्या आधी तीन वर्षं त्या घरात आलेली. मी सातवी पास आणि तिला अक्षर ओळखता येत नव्हतं, म्हणून मला उगीचच तोरा होता. दुसऱ्या वर्षी थंडीच्या दिवसांत एका रात्री आम्ही दोघी अंगणात भांडी घासत होतो. तिनं सहज वर पाहिलं आणि एकदम ओरडली, "इंदू, तारा पडला बघ! केवढा गं!" आमच्याकडे तारा पडताना दिसला तर हात जोडायचे, डोळे मिटायचे, राम राम म्हणायचं आणि कुणाजवळ बोलायचं नाही. बोललं की घरातलं माणूस जातं. मी घाबरून डोळे मिटले. आणि पाचव्या दिवशी तिचा नवरा, माझे थोरले भावजी, विषमज्वरानं गेले. आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, ऊर बडवून विचारत होत्या, असं कसं झालं, कुणाची दृष्ट लागली माझ्या लेकराला... तेव्हा मी तोंड उघडलं. अक्कानं तारा पाहिला आणि बोलून दाखवला, असं मी सांगितलं. आणखी एक गोष्ट मला ठाऊक होती. ती मी सांगितली नाही. ती पुढे येईलच, मी आता काही लपवणार नाही.

त्या दिवसापासून अक्का घरातच परकी झाली. बारशाला नको, लग्नाच्या हळदीला नको, गाभण गाईच्या दावणीकडेही नको. आत्याबाई सकाळी उठल्या की पदर डोळ्यांवर ओढूनच अंगणात यायच्या, का तर पहिल्यांदा हिचं तोंड दिसू नये. अक्कानं हे सगळं मुकाट सोसलं, असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण ते खोटं आहे. ती मुकाट सोसणारी नव्हती. "मी बघितला, पाडला न्हाय," असं ती भर ओसरीवर, पाहुण्यांच्या देखत म्हणायची. मग आणखी बोलणी खायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच म्हणायची.

भावजींच्या वाट्याची रात्रीची पाळी तिनं उचलली. पाटाचं पाणी ठरलेल्या तासांनाच मिळायचं, आणि ते तास बरेचदा मध्यरात्रीनंतरचे असायचे. तेव्हा उसात उभं राहून एकेका सरीत पाणी वळवायचं, याला आमच्याकडे दारं धरणं म्हणतात. बाईमाणूस रात्री दारं धरतं म्हटल्यावर गाव काय काय बोललं ते लिहीत नाही. ती म्हणाली, "आता माजं आनि काय व्हायचं ऱ्हायलंय?" आणि कंदील घेऊन गेली. सरी भरेस्तोवर उभं राहायचं असतं. माणूस करणार काय? वर बघणार. तीन हिवाळे तिनं वर बघितलं. आणि एके सकाळी, पायाचा चिखल धुता धुता मला म्हणाली, "इंदू, तारे रोज सारखे पडत न्हाईत. धुंधुरमास लागायच्या तोंडावर दोन-तीन राती नुसती रास पडती. दर साली. आनि समदे येकाच अंगानं येत्यात, मृगाच्या डाव्या हाताला त्या दोन चांदण्या हायत ना, तितनं."

"म्हंजी मार्गशीर्षात," मी शहाणपणा दाखवला.

"न्हाय. तिथी मागंम्होरं हुती. धुंधुरमास हुत न्हाय. संक्रांतीच्या बरोबर येक म्हैना आदी."

मला हे पटलं नाही. बऱ्याच वर्षांनी, मी शाळेत शिकवायला लागल्यावर, एका जाड पुस्तकात उल्कावर्षावाचं पान निघालं. डिसेंबरच्या मध्याला, मिथुन राशीकडून, दरवर्षी. छापलेलं होतं अगदी तसंच. अक्षर न ओळखणाऱ्या बाईनं उसाच्या सरीत उभं राहून ते काढलं होतं. मी ते पान तिला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "मग? खोटं सांगत व्हते काय मी?"

तिचं डोकं मात्र पुस्तकासाठी चालत नव्हतं. तिचा हिशेब साधा होता. एका रात्रीत किती तारे पडतात ते मोजायचे, आणि किती माणसं मेली तीही मोजायची. दोन्ही जुळलं तर ती आत्याबाईंच्या पायावर डोकं ठेवून गुन्हा कबूल करणार. नाही जुळलं, तर आत्याबाईंनी सकाळी उठून तिचं तोंड बघायचं. हे तिनं आत्याबाईंनाच तोंडावर सांगितलं. आत्याबाई म्हणाल्या, "माज्या अंगणात असलं काय बी चालायचं न्हाय." अक्का म्हणाली, "तुमच्या अंगणात कशापाई? तितं काय दिसतंय?" आणि ते खरंच होतं. त्या दिवसांत आमच्या भागात गुऱ्हाळं पेटलेली असायची. चुलवाणांचा उजेड, रस उकळल्याचा धूर आणि पहाटे पाटावरून उठणारं धुकं, यात आभाळ गढूळ होऊन जायचं. इंदापूरच्या बाजूला तेव्हा कोरडा माळ होता. निमगाव केतकीच्या अलीकडच्या माळावर रात्री हात पसरला तर चांदण्या हाताला लागतील, असं आमचे आबा सांगायचे. आबा म्हणजे सासऱ्यांचे चुलतभाऊ. बैलगाडी त्यांची, भाजीपाला बाजाराला नेण्याचं कामही त्यांचंच. अक्कानं त्यांना गळ घातली. आबांनी दाढी खाजवत एकच अट घातली, गाडी रिकामी जाणार नाही. मग ठरलं की निमगावच्या आठवडी बाजाराला वांगी-गवारी न्यायची, आणि बाजाराच्या दोन दिवस आधीच माळावर मुक्काम टाकायचा. माल विकायला शेजारची पारूबाई येणार होती. जन्मभर तागडी धरलेली बाई, काट्याचा केसभर फरक तिच्या नजरेतून सुटत नसे. चौथी मी. मी का गेले? अक्कानं विचारलं म्हणून, आणि मला रात्री झोप लागत नव्हती म्हणून.

पंचावन्न सालचा हिवाळा अक्कानं मुद्दाम निवडला. त्या वर्षी अधिक महिना येऊन गेला होता, म्हणून धुंधुरमासाच्या तोंडावर अजून कार्तिकच चालू होता, आणि नेमक्या त्या रात्री अमावास्या पडत होती. चंद्राचा त्रास नाही. पण तयारीला लागलो आणि पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. खळ्यावर घोंगडी टाकून चौघं चार दिशांना तोंडं करून, डोकी मधे जुळवून आडवी झालो. अक्का म्हणाली, तारा दिसला की कुठनं कुठं गेला ते सांगायचं. थोड्या वेळानं आबा म्हणाले, "राम राम राम."

"आबा, कुठनं कुठं गेला?"

"काय की. डोळं मिटलं व्हतं."

पारूबाईचंही तेच. तागडीवर न चुकणारी बाई, तारा दिसला की आधी डोळे बंद, मग हात जोडलेले, मग "इश्वरा, इश्वरा". आणि मी? सातवी पास? माझे डोळे तर तारा पडायच्या आधीच मिटत होते. तीन रात्री आम्ही अशाच पडून काढल्या आणि तिघांनी मिळून एकही तारा धड पाहिला नाही. आकाशातल्या वस्तूची चूक नव्हती, आमच्या पापण्यांची होती. आजी-पणजीपासून लागलेली सवय, ती काय बोलून जाते? आबा तर रागावून म्हणाले, "हौसे, म्या सत्तर सालं डोळं मिटलं, आता तू मला बघाया शिकिवतीस व्हय?" अक्का म्हणाली, "व्हय, शिकिवते."

आणि तिनं शिकवलं. दुसऱ्या दिवशी घरातले सगळे चिंचोके गोळा केले. प्रत्येकाच्या उजव्या मुठीत मूठभर चिंचोके, आणि डावा हात भांड्याच्या काठावर. तारा दिसला की एक चिंचोका भांड्यात टाकायचा. हात रिकामे नसले की जोडता येत नाहीत, आणि आपला चिंचोका भांड्यातच पडला की बाहेर, हे कान लावून ऐकायचं म्हटलं की मनातलं राम राम मागे पडतं. डोळे उघडे राहायला आणखी दोन रात्री लागल्या. भांडीही तिनं वेगवेगळी दिली. आबांना पितळी तांब्या, पारूबाईला पत्र्याचा डबा, मला कल्हईचं भगुलं, आणि स्वतःला मातीचं बोळकं. आवाजावरून कुणाला दिसला ते अंधारात कळायचं. तिनं नियमही घालून दिला, तो सगळा पाटाच्या पाळीसारखा. आपल्या दिशेचा तारा आपला. शेजारच्या वाट्यात पडला तर कितीही मोठा असो, चिंचोका टाकायचा नाही. "दुसऱ्याच्या पाळीचं पानी आपल्या सरीत घेत न्हाईत," ती म्हणायची. आबांना हा नियम ऐकल्याबरोबर पटला.

चार घोंगड्या, बाजरीच्या तीळ लावलेल्या भाकरी, ठेचा, गूळ-शेंगदाणे, आणि चार विटा. शेकोटी करायची नव्हती, उजेडानं डोळे दिपतात. म्हणून संध्याकाळी विटा जाळात तापवून, पोत्यात गुंडाळून पायाशी घ्यायच्या, ही अक्काचीच युक्ती. निघायच्या आदल्या दिवशी नवीनच निघालं, अमावास्येच्या दुपारी सूर्यग्रहण. झालं! आत्याबाईंनी दारात बसून घेतलं. अमावास्या, ग्रहण, वर तारे मोजायला निघालेली विधवा सून, आणि तिच्या जोडीला धाकटी. "ह्या घरातनं आनि कुनाला घालवायचं हाय तुला?" असं त्यांनी विचारलं. मी मागे उभी होते, आणि मला वाटलं, अक्का आता मोडेल. ती उंबऱ्यात वाकली, आत्याबाईंच्या पायांना हात लावला आणि म्हणाली, "कुनालाच न्हाय. त्येच बघाया चाललीय." मग वांग्यांची पाटी डोक्यावर घेतली आणि गाडीकडे चालू लागली.

पहाटे निघालो आणि दिवस कलताना माळावर पोचलो. वीस-बावीस मैलांत आबांनी दोनदा बैल सोडले आणि दहादा आमची अक्कल काढली. गाडी सोडून घोंगड्या अंथरत होतो, तर शेळ्या घेऊन परतणारी गावातली एक सून थांबली. वीसेक वर्षांची, हसऱ्या तोंडाची. तुमी हितं कशाला, म्हणून विचारू लागली. अक्कानं सांगितलं. आणि अंधारू लागलं तेवढ्यात पूर्वेकडून एक तारा निघाला, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत लांबच लांब रेघ ओढत गेला. त्या पोरीनं टाळीच वाजवली. "अगं बाई, केवढा! आमच्या घरी सांगते!" आणि शेळ्या हाकत पळाली. अक्का हसली. त्या काळात तिला हसताना मी क्वचितच पाहिलं होतं.

रात्रीबद्दल मी फार लिहीत नाही. टण्ण, टक, टिंग, ठप... टक, टण्ण... थंडीनं हाडं गारठली, विटा निवल्या, आबा एकदा घोरले तर पारूबाईनं त्यांना कोपरानं उठवलं. पहाटेपर्यंत भांडी जड झाली होती. किती पडले तो आकडा मी मुद्दाम सांगत नाही. आकडा सांगितला की लोक आकड्यावर वाद घालतात आणि मूळ गोष्ट विसरतात. आबांचा तांब्या निम्मा भरला होता, एवढं पुरे.

सकाळी पारूबाई गावात पाणी आणायला गेली आणि रिकामी घागर घेऊन परत आली. कालच्या त्या शेळ्यावाल्या सुनेचा सासरा पहाटे गेला होता. आणि गावात बोललं जात होतं, की सुनेनं तारा पाहिला, हसत हसत घरी येऊन सांगितला, आणि म्हातारा गेला. आबा एकदम उठले. "गाडी जुपतो. निघायचं." बैलांपर्यंत गेले आणि तिथेच थांबले. अमावास्या होती. अमावास्येला आमच्याकडे बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, आणि आबांनी सत्तर वर्षांत ते कधी ठेवलं नव्हतं. अडकलोच होतो. अक्का म्हणाली, "बरं झालं आबा. न्हाय तर तुमी मला पळवून न्हेली असती." तिनं एका पाटीतली वांगी गाडीत ओतली, चारही भांडी त्या पाटीत ठेवली, पाटी डोक्यावर घेतली आणि मला म्हणाली, "चल. त्या पोरीच्या घरी."

ग्रहण लागायच्या आत उरकायचं म्हणून पुरुषमंडळी घाईनं प्रेत घेऊन गेली होती. अंगणात बायका बसल्या होत्या. ग्रहणात चूल पेटवायची नाही, काही खायचं नाही, नुसतं बसायचं. आम्ही जाऊन बसलो, परक्या बायका भेटायला येतात तशा. कुणी हटकलं नाही. ती पोर भिंतीच्या कडेला गुडघ्यात डोकं घालून होती, आणि तिची सासू, म्हातारी बाई, तिच्याकडे बोट करून बोलत होती. "वर तोंड करून, दात काढत सांगत आली. हिच्या तोंडानंच गेलं माजं मानूस." ऊन फिकं पडायला लागलं होतं. अक्का उठली. अंगणाच्या मधे तिनं घोंगडी पसरली आणि एकेक भांडं त्यावर पालथं केलं. चिंचोक्यांचा हा ढीग झाला.

"ह्ये काय?" म्हातारीनं विचारलं.

"तारे," अक्का म्हणाली. "रातीला पडल्यालं. चौघांनी मोजल्यात, आजी. गावात मानसं किती गेली?"

"येकच... माजं."

"मग ही बाकीची कुनाच्या घरची?"

एक बाई म्हणाली, दुसऱ्या गावची असतील. दुसरी म्हणाली, तू कोण हायस गं, आमच्या दुःखात चिंचोके आणून वतायला? आणि तिचं बरोबर होतं. चिंचोक्यांनी कुणाचं दुःख निघत नाही. माझ्या लक्षात आलं की अक्काचा हिशेब कितीही पक्का असला तरी आता त्या पोरीला वाचवायला तो पुरणार नाही. आणि जे पुरेल ते फक्त माझ्याजवळ होतं. तीन वर्षं दडवून ठेवलेलं. मी उभी राहिले.

"ही माजी जाऊ," मी म्हटलं. "तीन सालं झाली, हिनं तारा बघितला आनि हिचा मालक गेला. हिनं तारा बघितला, ही गोष्ट सासूला म्या सांगितली. पर येक गोष्ट म्या सांगितली न्हाय. तारा पडायच्या आदी चार दिस त्यास्नी ताप व्हता. ते मळ्यात खोपीवर ऱ्हात व्हते, भाकरी घेऊन मीच जायची. मला म्हणाले, इंदू, घरी बोलू नगंस, पाळी बुडंल. म्या बोलले न्हाय. आनि ते गेल्यावर मला भ्या वाटलं, की समदी म्हनतील, तुला ठावं व्हतं मग सांगितलं का न्हाय. म्हून म्या ताऱ्याचं नाव सांगितलं."

अक्का माझ्याकडे वळून बघत होती. हे तिलाही ठाऊक नव्हतं. भावजींना घरी आणलं तेव्हा ताप चढलेला, एवढंच तिला माहीत होतं. तिचा चेहरा मला तेव्हा वाचता आला नाही. सूर्याचा मोठा घास गेलेला, ऊन असून नसल्यासारखं झालेलं. आणि मग ती म्हातारी हळूच, कुणाकडेही न बघता म्हणाली, "दिवाळीपासनं खोकत व्हते. रगात पडत व्हतं. आमीच कुनाला सांगितलं न्हाय..." भिंतीकडची पोर हमसून रडायला लागली. म्हातारीनं तिला हाक मारली. नाव आता माझ्या लक्षात नाही, पण हाक मारली, आणि ती पोर सरकत सरकत तिच्याजवळ गेली.

परतीच्या वाटेवर अक्का माझ्याशी बोलली नाही. बाजार झाला, माल विकला, गाडी निघाली. अर्ध्या वाटेवर, आबा बैलांना पाणी पाजत असताना, तिनं विचारलं, "खोपीवर पेज दिली व्हतीस का त्यास्नी?"

"दिली व्हती."

"खाल्ली?"

"खाल्ली."

"मग बरं केलंस," ती म्हणाली. त्या गोष्टीवर ती पुढे कधी बोलली नाही. मला तिनं माफ केलं का, ते मी कधी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. पेज खाल्ली, हे मात्र ती अधूनमधून स्वतःशी म्हणायची.

घरी आल्यावर मी आत्याबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी मला शिव्या दिल्या नाहीत, ते जास्त जड गेलं. संध्याकाळी अक्कासमोर येऊन बसल्या आणि विचारलं, "किती पडले?" अक्कानं ढीग त्यांच्यापुढे ओतला. आत्याबाई पाच-पाच करून मोजायला लागल्या. चुकल्या, पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागल्या. मधेच थांबल्या. एक चिंचोका चिमटीत धरून म्हणाल्या, "ह्यातला माज्या लेकराचा कंचा?"

"कंचाच न्हाय, आत्याबाई," अक्का म्हणाली. "ह्यातला कुनाचाच न्हाय." आणि दोघी रडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई अंगणात आल्या तेव्हा पदर डोक्यावर होता, डोळ्यांवर नव्हता. आणि अक्का मुद्दाम, अगदी मुद्दाम, तुळशीजवळ उभी होती.

त्यानंतर अक्का दरवर्षी निघायची. कधी कऱ्हाटीकडे, कधी पुन्हा निमगावला, जिकडे आभाळ स्वच्छ असेल तिकडे. आबा असेपर्यंत गाडीनं, नंतर एसटीनं. दर गावात दोन-चार बाया डोळे उघडे ठेवायला शिकल्या. मोठी क्रांतीबिंती काही झाली नाही. अजूनही लोक हात जोडतात, आणि शिकलेले पुढारी माइकवर तारे निखळवतात. तेव्हा अक्का थकली नाही, म्हणून मीही थकणार नाही.

गेल्या आठवड्यात मी कन्हेरीला गेले. अक्काची खोली नातसुनेनं आवरून ठेवली होती. भिंतीतल्या देवळीत ते मातीचं बोळकं होतं, आत चिंचोके. "आजी, हे विसर्जनाला द्यायचं राहिलं का?" तिनं विचारलं. मी ते काढून घेतलं. धुंधुरमास दोन दिवसांवर आला होता. रात्री मी तिला गच्चीवर घोंगडी टाकायला लावली. आता सगळीकडे दिवे, आभाळ पूर्वीसारखं राहिलं नाही. बराच वेळ काही दिसलं नाही. मग मृगाच्या डावीकडून एक निघाला, चांगला लख्ख. नातसुनेचे हात आपोआप वर गेले, पण जोडले गेले नाहीत. मुठीत मी आधीच चिंचोके कोंबले होते.

"आजी," ती हळू आवाजात म्हणाली, "हा थोरल्या आजींचा का?"

"न्हाय," मी म्हटलं. "ह्यो ताऱ्याचा. टाक बोळक्यात."

ठप.

"आनि डोळं मिटू नगंस. दुसरा येतोय."